वीस फूट

उपासना न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या सरकारी कार्यालयात बांधकामाचे प्लॅन तपासायची. आज आपल्याच लोकांच्या बुद्धविहाराचा प्लॅन टेबलावर आला. पार्किंग, झाडं, पाण्याचा निचरा, सगळं नियमात बसत होतं. शेजारच्या घरांपासूनचं अंतर तेवढं वीस फूट कमी भरलं. तिने 'नामंजूर' लिहिलं.

घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबा मटार सोलत होते.

"म्हणजे विहार लोकांच्या घरांपासून आणखी लांब न्यायचा?"

"हो बाबा. रूल सगळ्यांना सेम आहे."

बाबांनी मान डोलावली. हातातली शेंग सोलून झाल्यावर म्हणाले, "गावातही आम्हाला हेच सांगायचे, लांब राहा. तिथे कोणी टेप लावून मोजत नव्हतं, एवढंच."