पडद्यावरचं जंगल

कुरखेड्याच्या नाटकाचं परीक्षण पेपरात आलं. कंपनीचे मालक भैयाजी ते पडदे रंगवणाऱ्या खुर्शीदभाऊंना वाचून दाखवू लागले. "जंगलाचा पडदा साफ खोटा. इतकी दाट झाडी असते कुठे?"

"मनावर नका घेऊ जी," भैयाजी म्हणाले.

"नाई घेत. पण वीस वर्षांआधी माह्या मागच्या दारात बसून, समोरची टेकडी पाहू पाहू रंगवलो होतो मी हा पडदा."

मग खुर्शीदभाऊ पुन्हा मागच्या दारात जाऊन बसले. टेकडीकडं बघत त्यांनी मातकट रंग कालवला आणि पडद्यावरचं एकेक झाड पुसलं. नुसते खुंट ठेवले.



पुढच्या खेळाला पेपरवाल्यानं लिहिलं, "जंगल हुबेहूब!"