कान्होजीची घोडी

जगदेवरावाने घोडीला पुन्हा टाच मारली. तिच्या तोंडाला फेस आला होता, तरी तो थांबला नाही. उजाडायला लागलं होतं आणि परेडचं मैदान रिकामं होतं. घोडी कान्होजीची होती. आज ती तपासणीत नापास व्हायला हवी होती.

संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हा घोडदळ मोडलं आणि थोडे स्वार पोलिसांत घेतले. जमादारकी जगदेवरावाला मिळणार, हे सगळे धरूनच चालले होते. पण निवडीच्या वेळी कान्होजी पोलीस कप्तान साहेबांपुढे बोलला, "जगदेवचा गुडघा गेलाय, साहेब. घोड्यावर टिकत नाही तो."

जमादार कान्होजी झाला. जगदेवराव शिपाई राहिला. तेव्हापासून खासगी बाजार नावाच्या पेठेत भेटेल त्याला तो सांगायचा, "खोटारड्याच्या हाताखाली चाकरी करतोय मी." बायको वनमाला म्हणायची, "सोडा ना आता." पण तो सोडणाऱ्यातला नव्हता.

आता सरकार घोडे कमी करणार होतं. घोड्यांचे डॉक्टर लक्ष्मीकांत प्रत्येक घोड्याचं रक्त दौडीआधी आणि दौडीनंतर तपासणार होते. ज्यांना मेहनत झेपत नाही ते लिलावात जाणार होते. कान्होजीने ही घोडी शिंगरू असल्यापासून पोरीसारखी वाढवली होती. ती लिलावात जाऊन शहरातल्या नई सडकेवर टांगा ओढताना दिसावी, एवढंच जगदेवरावाला हवं होतं.

त्याने तिचा घाम पुसला आणि तिला ठाणावर बांधून टाकलं. थोड्या वेळाने डॉक्टर आले. त्यांनी दौडीआधी आणि दौडीनंतर सगळ्या घोड्यांचं रक्त घेतलं.

दुपारी सगळे स्वार रांगेत उभे राहिले. कान्होजीच्या घोडीकडे बोट दाखवून डॉक्टर कप्तान साहेबांना म्हणाले, "या घोडीचं दौडीआधीचं रक्त बाकीच्यांच्या दौडीनंतरच्या रक्ताइतकं दाट आहे. घोडा पळाला की अंगातल्या ग्रंथी रस सोडतात, पाणथरी, म्हणजे प्लीहा, आकसते आणि साठवलेलं दाट रक्त अंगात सोडते. हिला आधीच कुणीतरी पळवलंय. घोडीत खोट नाही. आराम देऊन पुन्हा बघू."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "किसने दौड़ाया? उसकी नौकरी गई समझो।"

घोडीचा घाम जगदेवरावाच्या विजारीवर वाळून पांढरा झाला होता. कान्होजीची नजर त्या डागांवर गेली आणि तिथेच थांबली. मग तो एक पाऊल पुढे आला.

"मी दौडवली, साहेब. माझीच घोडी आहे."

गुन्हा स्वतःहून कबूल केला म्हणून कान्होजीची नोकरी राहिली. जमादारकी मात्र तिथल्या तिथे गेली. साहेबांनी त्याचा बिल्ला उतरवला आणि मागच्या निवडीत दुसऱ्या ठरलेल्या जगदेवरावाच्या छातीवर लावला. इतकी वर्षं ज्यासाठी जीव जळत होता, ते मिळालं होतं.

पागेत कान्होजी घोडीच्या पायांना तेल चोळत बसला होता. जगदेवराव दारात घुटमळला.

"का केलंस हे?"

कान्होजी उठला. हात पुसले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"आता रोज सकाळी असाच सलाम करीन, जमादार. तो घेताना तुझी मान वर राहते का, तेवढं मला बघायचंय."