मिहुर म्हणतात त्याला

“शिक्षण किती?” सुमित्राबाईंनी विचारलं. पाण्याचे पेले अजून भरलेलेच होते.

स्वानंदीनं आजीचा प्रश्न इंग्रजीत केला. समोरच्या सोफ्यावर योनास आणि त्याचे काका दावित इस्त्रीच्या कोटात अंग चोरून बसले होते. माणसं इथिओपियाची, ओळख इथल्या, अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या लायब्ररीतली. पण बघण्याचा कार्यक्रम रीतसरच व्हायला हवा, असा सुमित्राबाईंचा हट्ट. त्यापायी स्वानंदी पहिल्यांदाच साडी नेसली होती.

“इतिहासात एम.ए.,” दावित म्हणाले. “अदिस अबाबाला कॉलेजात शिकवण्याचा अनुभव.”

“आणि इथं?”

“विमानतळावर. पार्किंगच्या खिडकीत.”

सुमित्राबाईंच्या मुलानं, सत्यजितनं, कपाळाला हात लावला. “आई, प्लीज! जात नाही, भाषा नाही, धड जॉब नाही. महाराष्ट्र मंडळात काय तोंड दाखवू?”

“आहे तेच दाखव. चौथी शिकलेल्या बाईनं तुला इंजिनियर केलं. शिकलेलं माणूस कुठलं, हे मला तू सांगू नकोस.” त्या नातीकडे वळल्या. “विचार गं, शिकलेल्याला यांच्यात काय म्हणतात?”

“दोन शब्द आहेत,” योनास म्हणाला. “शाळा-कॉलेज केलं तो येतेमारे. पण ज्याच्या विद्येपुढे थोरही उठून उभे राहतात, अडलं की सल्ल्याला जातात, तो मिहुर.”

“दारावर पाटी लावतात का तशी?”

“छे! स्वतःला कुणी म्हणवत नाही. लोकांनी म्हणायचं.”

“पार्किंगच्या खिडकीत बसणाऱ्यालाही?”

योनास ताठ झाला. “आमचे टॅक्सीवाले त्या खिडकीशी गाडी थांबवून म्हणतात.”

दावितनी शांतपणे पाण्याचा पेला उचलला. फुशारकी नाही, लाचारी नाही. सुमित्राबाईंना ते भारी आवडलं.

“पसंत,” त्या म्हणाल्या.

“आई, अगं निदान विचार...”

“झाला करून. या घराला मिहुर मिळतोय. मंडळात पेढे वाट.”

सत्यजित पुटपुटत खिडकीबाहेर बघत राहिला. आतून सुनेनं हाक दिली, “पोहे तयार आहेत!”

स्वानंदी निऱ्या सावरत उठली.

“तू कुठं निघालीस?” सुमित्राबाईंनी तिला मनगट धरून खाली बसवलं. “जिचं लग्न, पोहे तिनं द्यायचे असतात.”

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, आत जाऊन ट्रे घेऊन आल्या आणि चौसष्टाव्या वर्षी मान खाली घालून पहिली बशी त्यांनी दावितपुढे धरली.