एका भेटीत एक तक्रार

"नंबर बरोबर आहे बाई, पण हे टायरचं दुकान आहे," फोनवरचा माणूस म्हणाला. "नर्स होती इथे, पण ती जाऊन तीन वर्षं झाली. रोज दोघंतिघं तरी फोन करतात."

ऑर्फाने नकारार्थी मान हलवली. शेजारी बसलेल्या नवऱ्याने, बर्लने, विमा कचेरीच्या यादीतलं सातवं नाव खोडलं.

कारव्हर क्रीकचा दवाखाना एकतीस तारखेला बंद होणार होता. त्याआधी ऑर्फाला सरकारी विम्याचं कार्ड घेणारी नर्स शोधायची होती. केंटकीच्या या डोंगरांत डॉक्टर टिकत नाहीत. नर्सच तपासते, नर्सच औषध लिहून देते. पण कार्डाचं नाव काढलं की काहींची दारं बंद होतात, तर काहींची फक्त लहान मुलांपुरती उघडी राहतात. कारव्हर क्रीकच्या नर्सने चौतीस वर्षांत कार्ड बघून कुणाला परत पाठवलं नव्हतं.

"आठवं नाव कार्ड घेतं म्हणे," बर्ल म्हणाला. "चल, गाडी काढतो."

आठव्या ठिकाणी खरंच कार्ड घेतलं. भिंतीवर पाटी होती: एका भेटीत एकच तक्रार सांगावी. ऑर्फाने गुडघा सांगितला. तिथल्या नर्सने संगणकाकडे बघतच तिचं ऐकलं आणि गोळ्या लिहून दिल्या. सहा मिनिटांत ऑर्फा बाहेर आली.

"झालं की नाही काम?" बर्लने विचारलं.

"नाही. ही नको."

"अगं, कार्ड घेतलं ना तिने? तुला नर्स हवी की नवरा? इतकी पारख तर तू लग्नातही केली नव्हतीस!"

"म्हणूनच आता करतेय."

बर्लने कपाळावर हात मारला. दोघांनी गाडीतच मक्याचा पाव खाल्ला. नवव्या दवाखान्यातही तिने गुडघाच सांगितला, आणि तिथूनही ती मान हलवत बाहेर आली. बर्लने नववं नावही खोडलं. महिना संपायला चार दिवस उरले होते.

दहावा दवाखाना सव्वा तासावर होता, बंद पडलेल्या किराणा दुकानात थाटलेला. बाकावर एक बाई नातवाला घेऊन बसली होती.

"कुठून आलात?" तिने विचारलं.

"कारव्हर क्रीकहून."

"अगंबाई! तिथली नर्स म्हणजे देवमाणूस. माझ्या भावजयीच्या उशाशी तीन रात्री बसली होती. पुरात रस्ता वाहून गेला, तर डोक्यावर औषधं घेऊन चालत आली!"

"लोक वाढवून सांगतात," ऑर्फा तुटकपणे म्हणाली. "पाणी गुडघाभर होतं."

बर्लला ठसका लागला. त्याने तोंडावर टोपी धरली.

इथल्या नर्सचं नाव टेसा स्लोन. तिशीची असेल. ती स्वतः दारापर्यंत आली आणि "या मावशी" म्हणाली. भिंतीवर पाटी नव्हती. संगणक होता, पण तो तिने बाजूला सारला. छातीला लावायची नळी आधी तळहातात धरून ऊबदार केली. ऑर्फा ते बघत राहिली.

"काय होतंय?"

"गुडघा दुखतो."

टेसा खाली जमिनीवर बसली आणि ऑर्फाचे बूट स्वतः काढू लागली.

"गुडघा वर आहे, पोरी."

"हो, पण बूट कुठे झिजलाय ते बघते. दुखणं कधी कधी खालून चढतं." तिने दोन्ही तळवे बोटांनी चाचपले. "आणखी काय होतं?"

"आणखी काही नाही."

"झोप? जेवण? कारव्हर क्रीकला घरी कोण असतं?"

ऑर्फाने सांगितलं. सांगायचं नव्हतं तेही थोडं सांगितलं.

"आणखी काय?" टेसाने पुन्हा विचारलं. "मावशी, आल्यापासून तुम्ही पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलात. ती खाली ठेवा बरं."

ऑर्फाने पर्स खाली ठेवली. मांडीवर तिचा उजवा हात पानासारखा थरथरू लागला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"कुणाला सांगितलंत?"

"तुलाच."

"का? कारव्हर क्रीकच्या नर्सला हे दिसलं नाही?"

"दिसलं होतं. गप्प बसली."

टेसाचा चेहरा कडक झाला. "मग लोक काहीही म्हणोत, मला ती बाई आवडली नाही. दोन वर्षं वाया घालवली तिने."

ऑर्फा हसली. महिनाभरात पहिल्यांदाच हसली.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं," टेसा म्हणाली. "नाही तर मीच येईन. बुधवारी मी गाडी घेऊन वरच्या वस्त्यांवर फिरते."

"कार्डवाली आणखी माणसं घेशील?"

"घेईन की. आणा."

"पुष्कळ आहेत. म्हातारी, हट्टी, खोटं बोलणारी."

"माझी आजी तिन्ही होती," टेसा म्हणाली. "आणा म्हटलं ना. कमी पडलं तर बुधवारसारखा गुरुवारही काढीन."

ऑर्फाने तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग वाकून पर्समधून बुटाच्या नाडीने बांधलेली एक जाड वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"चारशे अकरा आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकाला विचारून नाव घातलंय. बाहेर बसलाय तो बर्ल, साखर लपवून खातो, त्याचे खिसे बघत जा. शेवटचं नाव तेवढं तू लिही, माझा हात आता साथ देत नाही. लिही: ऑर्फा कॉम्ब्स, कारव्हर क्रीकची नर्स."