चाळीस सेकंदांचं काम

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्याचा वीस वर्षांच्या ऑर्डरींचा डेटाबेस मी क्लाउडवर हलवला. महिनाभर जुना सर्व्हर आणि क्लाउड जोडीनं चालवले, एकेक नोंद ताडून पाहिली आणि मेच्या एका रविवारी फक्त चाळीस सेकंद सिस्टीम बंद ठेवून सगळं तिकडं वळवलं. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. मग मी रिकामा झालेला जुना सर्व्हर बंद केला, त्याच्यासाठी लावलेला ऑफिसातला एकुलता एक एसी बंद केला, सर्व्हररूमला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन ऐटीत घरी आले.

सोमवारी दुपारी एकला हेडक्लार्क रावसाहेबांचा फोन. "देवयानी मॅडम, तुमी आदी हिकडं या. समदं ऑफिस खोळंबलंय!"

चव्वेचाळीस डिग्रीत स्कूटी दामटत पोचले, धापा टाकत कॉम्प्युटर उघडला. एकूण एक ऑर्डर जागेवर होती.

"रावसाहेब, सगळं नीट चालू आहे की! खोळंबलंय काय?"

त्यांनी टॉवेलनं मान पुसत नुसतं बोट दाखवलं. कुलूपबंद सर्व्हररूमच्या दारात अख्खं ऑफिस जेवणाचे डबे घेऊन उभं होतं.

 

आणि सगळ्यात पुढं, एका हातात डबा आणि काखेत उशी घेऊन, कारखान्याचे मालक.