अंबाडीचा दोर
बासष्ट साली चिखलीच्या कोर्टात, बैलचोरीच्या खटल्यात, तिसऱ्या तारखेलाही आरोपी कडूबाचे वकील उगवले नाहीत. “पुढची तारीख घे, नाहीतर साक्षीदाराला तूच प्रश्न विचार. तुझा हक्कच आहे तो,” मॅजिस्ट्रेट म्हणाले. “मीच इचारतो, सायेब. लय झाल्या तारखा.” परगावच्या साक्षीदारानं शपथेवर सांगितलं होतं, की बैलाच्या गळ्यातला, टेबलावर ठेवलेला अंबाडीचा दोर कडूबानं आपल्या डोळ्यांदेखत वळला. “कोन्त्या हातानं वळून राह्यलो होतो?” “उजव्या. आनखी कोन्त्या?” कडूबानं शिदोरीला बांधलेली घरची दोरी सोडली, अर्धी उकलली आणि कोर्टाच्या फरशीवर बसून, मांडीवर सवयीच्या डाव्या हातानं वळून दाखवली. मॅजिस्ट्रेटांनी दोन्ही दोर शेजारी धरले. पीळ एकमेकांच्या उलटे होते. कडूबानं शिदोरी त्याच दोरीनं बांधली, धोतर झटकलं अन् म्हणाला, “दुसरा साक्षीदार बलवा, सायेब.”