दिवाणजींचं वजन

डॉक्टर पद्मनाभ काट्यावर वाकले. सत्तावीस किलो. पाच दिवसांच्या कडक उपासानंतर दिवाणजींचं वजन दीड किलोने वाढलं होतं.

दिवाणजी म्हणजे होसकोटे रस्त्यावरच्या, इस्पितळाच्या प्रयोगांसाठी असलेल्या प्राणिशाळेतलं डुक्कर. नाव ठेवलं होतं त्याची देखभाल करणाऱ्या सकवारबाईंनी. त्याच्या पोटाला चार बारीक भोकं पाडून, आत कॅमेरा घालून, डॉक्टरांनी आतड्याचा वीतभर तुकडा काढला होता आणि उरलेली टोकं जोडली होती. १९९४ साली त्यांच्या इस्पितळात ही तऱ्हा नवी होती. जोड टिकला तर पुढची पाळी माणसांची. नाही तर उसना आणलेला कॅमेरा सोमवारी परत. जोडाला विश्रांती हवी, म्हणून पाच दिवस तोंडाने काही द्यायचं नाही, फक्त सलाईन, असा हुकूम होता. माणसांनाही डॉक्टर तीस वर्षं असंच उपाशी ठेवत आले होते.

काटाच बिघडला असणार. त्यांनी शिवाजीनगरहून काटेवाला बोलावला. त्याने वजनं टाकून पाहिली, काटा एकदम सरी, अगदी बरोबर आहे म्हणाला आणि दिवाणजींकडे बघून हसला. डॉक्टरांना हसू आलं नाही. अकरा वाजता मोठे सर्जन चंद्रकांत तपासणीला यायचे होते. कागदातली खोट त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

ते आले. दिवाणजींनी त्यांचे बूट हुंगले. चंद्रकांतांनी तक्ता वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"पद्मनाभ, उपाशी डुक्कर फुगतं कशाने? हवेने?"

डॉक्टरांनी काट्याकडे बोट केलं. तेवढ्यात मागून सकवारबाई खाकरल्या आणि चंद्रकांतांना म्हणाल्या,

"अण्णा, डॉक्टरांना बोलू नका. पहिल्या संध्याकाळपासून मीच इडली देतेय. तो भुकेने रडायचा हो. पहिल्या दिवशी स्वल्पच दिली, दोन."

"आणि काल?" चंद्रकांतांनी विचारलं.

"सोळा."

डॉक्टरांनी डोळे मिटले. संपलं. कॅमेरा गेला, आणि नावही गेलं.

चंद्रकांत मात्र गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी दिवाणजींचं पोट चाचपलं. मऊ. ताप नव्हता. कोपऱ्यातली ताजी लेंडी तर त्यांनी दागिना पाहावा तशी निरखली. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी खाल्लं, पाच दिवस खाल्लं, आणि तरी जोड टिकला, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी तक्त्यावरचा 'उपास' खोडला, तिथे 'इडली' लिहिलं आणि कॅमेरा ठेवून घ्यावा म्हणून खाली सही केली.

डॉक्टर पद्मनाभांना तीस वर्षांतले कितीतरी भुकेले चेहरे आठवले.

पेनाला टोपण लावता लावता चंद्रकांतांनी सकवारबाईंना विचारलं, "बरोबर चटणी दिली होती का?"

सकवारबाईंनी त्यांच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं.

"पोटाचं ऑपरेशन झालेलं, अण्णा. तिखट कसं देणार?"